पुंगळीतले पाच मिलिमीटर

पितळ लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं, की ते कडक होतं. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय, आणि त्यात वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेली माणसंही आहेत, की आता यावर नीट लिहायलाच हवं. पितळ असं कडक होत नाही, उलट मऊ पडतं. पोलादाचं वेगळं आहे, त्यात कार्बन असतो, तापवल्यावर अणूंची रचना बदलते आणि झटकन थंड केलं की कार्बन आत अडकून पडतो, म्हणून ते कडक होतं. पितळात असलं काही घडतच नाही, जस्त तांब्यात विरघळलेलं असतं आणि ते गरम असताना, थंड झाल्यावर, हळू थंड केलं तरी, पाण्यात टाकलं तरी तसंच विरघळलेलं राहतं.

मग पितळ कडक कशाने होतं? याचं सगळ्यात छान उदाहरण मला सापडलं ते अनपेक्षित ठिकाणी, रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीत, म्हणजे ज्यात दारू भरून तोंडाशी गोळी बसवतात त्या काडतुसाच्या पितळी नळीत. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरने टार्गेट शूटिंग करायचा नाद आहे, आणि तो वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतो, एवढंच नाही तर लांब पुंगळ्या कापून आखूड करतो. तिकडे हा रीतसर छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे इथे घरी करून बघायचा प्रश्नच नाही. पण त्यामागचं धातुशास्त्र समजून घ्यायला लायसन्स लागत नाही, आणि ते फार सुंदर आहे.

आधी कापायचं कशाला ते सांगतो. १८७३ मध्ये अमेरिकन सैन्याने कोल्ट कंपनीचं रिव्हॉल्व्हर घेतलं, त्याचं काडतूस म्हणजे .४५ कोल्ट, पुंगळीची लांबी ३२.६ मिलिमीटर. मग दोन वर्षांत स्मिथ अँड वेसनचं स्कोफील्ड नावाचं रिव्हॉल्व्हरही घेतलं, घोडदळातल्या मेजर जॉर्ज स्कोफील्ड यांनी सुधारणा सुचवलेलं. ते मधून दुमडून उघडायचं आणि सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडायच्या, घोड्यावर बसलेल्या माणसाला केवढी सोय! पण त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरणारा गोल भाग, आखूड होता, कोल्टचं काडतूस त्यात मावेचना. म्हणून २७.९ मिलिमीटरची आखूड पुंगळी काढली, आणि फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनलने मग सैन्यासाठी हेच आखूड काडतूस बनवायला घेतलं, कारण आखूड काडतूस दोन्ही रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, लांब मात्र एकातच. रिव्हॉल्व्हरचं काडतूस तळाच्या कडेवर म्हणजे रिमवर टेकून राहतं, पुढे थोडी जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही. (स्कोफील्डची रिम कोल्टपेक्षा किंचित मोठी असते, म्हणजे कापलेली कोल्टची पुंगळी ही हुबेहूब स्कोफील्ड होत नाही, पण लांबीला तीच.) आज जुन्या पद्धतीचं शूटिंग करणारे लोक हलकं काडतूस हवं म्हणून, किंवा खरी स्कोफील्डची पुंगळी मिळत नाही म्हणून, कोल्टच्या पुंगळीचं तोंड पाच मिलिमीटरला थोडं कमी असं कापतात.

वरवर बघता हे पाइप कापण्यासारखं वाटतं. पण पुंगळी हा पाइप नाही, ती वरपासून खालपर्यंत एकसारखी कुठेच नसते, जाडीला नाही आणि कडकपणालाही नाही.

पुंगळी बनते एका चकतीपासून. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेच्या पत्र्याची चकती कापतात, तिची वाटी करतात, मग ती वाटी डायमधून, म्हणजे पोलादी साच्याच्या भोकातून, पुन्हा पुन्हा ओढून लांब करतात, मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करतात, कारण नाहीतर ती फाटेल. शेवटी तळ ठोकून तयार करतात आणि तोंडाकडचा भाग तापवून मऊ करून सोडतात. पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, तिथपासून जगभर काडतुसाच्या पितळाचं हे ओढणं-तापवणं मुळात असंच चालतं. शेवटी हाती येते ती तळाशी जाड आणि कडक, तोंडाशी पातळ आणि मऊ अशी पुंगळी. तोंडाशी जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास.

आता माझ्या आवडीचा भाग. धातूत अणू रांगेत लावलेले असतात, पण रांगा अगदी बिनचूक कधीच नसतात, मध्येच एखादी अर्धी रांग घुसलेली असते आणि तिथे संपते. या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तेव्हा सगळे अणू एकदम सरकत नाहीत, हा दोष सरकतो. मोठी सतरंजी ओढून हलत नाही, पण तिला एक वळी पाडून ती वळी ढकलत नेली की सतरंजी पुढे सरकते, तसं. म्हणून धातू मुळात वाकू शकतो. आणि गंमत ही की वाकवताना असे दोष वाढत जातात, मऊ पितळात एका चौरस सेंटिमीटरमागे दहा लाख ते दहा कोटी इतके असतील तर चांगलं ठोकलेल्या पितळात दहा हजार कोटींच्याही वर जातात. मग ते एकमेकांत अडकायला लागतात, एकाच्या वाटेत दुसरा येतो, आणि पुढे सरकवायला जास्त जोर लागतो. हाच कडकपणा. आणि पितळ चांगलं लाल होईपर्यंत तापवलं की ही गर्दी विरते, म्हणून ते मऊ पडतं.

आणि यात जस्त काय करतं ते बघा. तांब्यात डिसलोकेशन सरकताना दोन तुकड्यांत फुटतं, आणि त्या दोघांच्या मध्ये अणूंच्या थरांचा क्रम चुकलेली एक पट्टी राहते. असा क्रम चुकायला ऊर्जा लागते, त्याला स्टॅकिंग फॉल्ट एनर्जी म्हणतात. शुद्ध तांब्यात ती जास्त, म्हणून पट्टी अरुंद, म्हणून दोन तुकडे सहज एकत्र येऊन दुसऱ्या पातळीवर उडी मारून अडथळा चुकवू शकतात. तीस टक्के जस्त घातलं की ही ऊर्जा बरीच कमी होते, पट्टी रुंद होते, तुकडे एकत्र येणं अवघड होतं, अडथळा चुकवता येत नाही, आणि डिसलोकेशन आहे त्याच पातळीवर तुंबत जातात. म्हणून पितळ ओढताना तांब्यापेक्षा जास्त वेगाने कडक होतं, आणि जिथे पातळ व्हायला लागतं तिथेच कडक होऊन स्वतःला सावरतं, ताण शेजारी ढकलतं. म्हणूनच एवढ्याशा चकतीची एवढी लांब पुंगळी न फाटता ओढता येते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करणारे कारागीर हेच करतात. भांडं घडवताना मध्ये भट्टीत घालून मऊ करून घ्यायचं आणि शेवटी ओळीने ठोके देत मठारायचं, त्याने पातळ पत्र्याला ताकद येते. हल्ली या मठारलेल्या भांड्यांबद्दल काहीबाही पसरवलं जातं, ठोक्यांच्या ‘व्हायब्रेशन’ने पाणी ऊर्जेने भरतं वगैरे. याला कसलाही पुरावा नाही. ठोक्यांनी धातू कडक होतो, हे मोजून दाखवता येतं, आणि असल्या भाकडकथांनी त्या कारागिरांचं खरं ज्ञान झाकलं जातं याचा मला राग येतो.

पुंगळीला हा कडकपणा कशाला हवा? बार उडतो तेव्हा .४५ कोल्टमध्ये दाब साधारण ९५० वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. पाव-पाऊण मिलिमीटर जाडीच्या पितळाच्या नळीने एकटीने हा दाब पेलायचा म्हटलं तर साधं गणित सांगतं की पितळाच्या ताकदीच्या कितीतरी पट ताण येईल. म्हणजे दाब पेलतं ते पोलादी चेंबर, सिलिंडरमधला पुंगळी बसते तो खण. पुंगळीचं काम वेगळं, फुगून भिंतीला घट्ट चिकटायचं म्हणजे गॅस मागे येत नाही, आणि दाब गेला की परत आकसायचं म्हणजे ती बाहेर काढता येते. ती किती आकसेल हे कडकपणावर ठरतं. पितळाचा लवचिकतेचा गुणांक, म्हणजे ते ताणायला किती जोर लागतो त्याचं माप, ११० गिगापास्कल (१,१०,००० मेगापास्कल), मऊ असो की कडक तोच. मऊ पितळ शंभरेक मेगापास्कलला कायमचं वाकतं, कडक पितळ चारशेच्याही पुढे तग धरतं. भागाकार केला तर मऊ पितळ दर हजारी एकाहून कमी आकसतं आणि कडक पितळ जवळपास चार. बारा मिलिमीटर व्यासाला म्हणजे मऊ पुंगळी शतांश मिलिमीटरच्या आसपास मागे येणार आणि कडक पुंगळी त्याच्या चौपट. एवढ्याशा फरकावर पुंगळी बोटाने निघते की हातोडीने काढावी लागते ते ठरतं!

आता कापण्याकडे येऊ. ट्रिमर म्हणजे हाताने फिरवायचा छोटा लेथच, पुंगळी रिमला धरायची, तोंडात पायलट, म्हणजे कटर मधोमध ठेवणारी दांडी, घालायचा आणि कटर फिरवायचा, मग आतबाहेरची बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धारदार कुसं, काढायची आणि व्हर्नियरने लांबी बघायची. रायफलची बाटलीसारखी पुंगळी दर वेळी लांब होत जाते म्हणून ती कापावी लागते, रिव्हॉल्व्हरची सरळ पुंगळी सहसा लांब होत नाही. पण लांब्या एकसारख्या नसतील तर तोंड आत वळवून गोळी पकडतात ती पकड, म्हणजे क्रिंप, कुठे ढिली कुठे घट्ट बसते, आणि ढिली असली तर शेजारच्या चेंबरमधली गोळी बार उडाल्याच्या धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर अडकवू शकते.

पाच मिलिमीटर कापलं की तीन गोष्टी बदलतात. भिंत खाली जाड होत जाते, त्यामुळे नवीन तोंड जुन्यापेक्षा काही शतांश मिलिमीटर जाड असतं, गोळी बसवल्यावर तिथे फुगवटा येऊन काडतूस चेंबरमध्ये अडू शकतं, मग आतून रीमर, म्हणजे भोक रुंद करायचं हत्यार, फिरवावा लागतो. दुसरं म्हणजे सगळ्यात मऊ भाग कापून कचऱ्यात गेला, आता तोंडाशी जरा कडक पितळ आलंय, ते उघडमीट करून लवकर उभं चिरतं. तोंड तापवून मऊ करता येतं, पण पुंगळी इतकी आखूड की उष्णता काही सेकंदांत तळाशी पोचते आणि तळ मऊ झाला तर ती पुंगळी धोकादायक, टाकूनच द्यायची. पाण्यात टाकतात ते एवढ्यासाठीच, उष्णतेला वाटेत थांबवायला. बरेच लोक रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या तापवायच्या भानगडीत पडतच नाहीत आणि ते शहाणपणाचंच आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आतली जागा. जवळजवळ अर्धा सीसी जागा गेली. जागा कमी तर दाब जास्त एवढंच असतं तर ठीक, पण बंदुकीची दारू दाब वाढला की आणखी भराभर जळते, आणि भराभर जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून लांब पुंगळीचं दारूचं माप आखूड पुंगळीला कधीच लावायचं नाही, आखूडसाठी तपासून छापलेलं मापच घ्यायचं, यात तडजोड नाही.

तोंड वळवून गोळी घट्ट धरली की त्या पितळात ताण कायमचा बसून राहतो, आणि याचा मोठा धडा मिळाला तो हिंदुस्थानातच. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवायच्या, आणि पावसाळा संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना गोळीजवळ उभ्या चिरा, न उडवता. लोकांनी दोष ऋतूला दिला. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा मांडला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळात अडकलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर पडते. अमोनिया तांब्याशी संयुग करून त्याला धातूच्या स्फटिककणांच्या सीमेवरून विरघळवत नेतो आणि ताण ती फट उघडत जातो. उपायही निघाला, पितळ मऊ पडेल इतकं नाही, अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापवायचं. त्याने डिसलोकेशनची गर्दी बहुतेक तशीच राहते म्हणजे कडकपणा टिकतो, पण अडकलेला ताण मात्र सुटतो. कडकपणा आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून आजही पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरत नाहीत, अक्रोडाच्या कवचाच्या भुशात घोळवतात, आणि कापून क्रिंप केलेल्या पुंगळीला तर हे जास्तच लागू पडतं, कारण तिचं तोंड नव्याने, कडक पितळात, ताणाखाली वळवलेलं असतं.