आग बर्फाखाली, पूर पाच आठवड्यांनी

ज्वालामुखी फुटला की लाव्हा वाहणार आणि राख उडणार, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आइसलँडच्या दक्षिण भागातल्या लोकांना मात्र आधी पुराची धास्ती वाटते.

तिथल्या वात्नायोकुल हिमटोपीचा पसारा सुमारे 7,700 चौरस किलोमीटर. तिच्या पोटात अनेक जागते ज्वालामुखी आहेत, त्यांतला वारंवार फुटणारा म्हणजे ग्रिम्सव्होत्न. त्याच्या खोलगट मुखात जमिनीच्या उष्णतेने बर्फ सतत वितळतं आणि जाड बर्फाच्या झाकणाखाली तळं साचत राहतं.

30 सप्टेंबर 1996 रोजी या तळ्याच्या उत्तरेला, ग्याल्प इथे बर्फाखाली भेग उघडली. डोक्यावर 500 मीटरहून जाड बर्फ. तरी साधारण तीस तासांत त्याला भोक पडलं आणि राख-वाफेचा लोट वर आला. उद्रेक दोनेक आठवडे चालला. वितळलेलं पाणी गेलं कुठे? उतारावरून, बर्फाखालूनच, ग्रिम्सव्होत्नच्या तळ्यात. सखल भागातला रस्ता बंद झाला, बातमीदार येऊन बसले, आणि पूर काही येईना!

त्याला कारण होतं. तळ्याला बांध होता तो बर्फाचाच, आणि बर्फाच्या प्रचंड वजनामुळे तो तळाशी घट्ट दाबून बसलेला. पण बर्फ पाण्यापेक्षा हलकं. तळ्याची पातळी चढत गेली, तसा पाण्याचा दाब त्या वजनाला भारी पडू लागला. एकदा पाण्याला बांधाखालून वाट मिळाली की ते आपल्याच उबेने आणि घर्षणाने बोगदा रुंदावत जातं. म्हणून असा पूर सुरू झाला की फुगतच जातो.

5 नोव्हेंबरला पाणी फुटलं. काही तासांतच प्रवाह सेकंदाला सुमारे 50,000 घनमीटरवर पोचला. घराएवढे हिमखंड वाहत आले, एक मोठा पूल अख्खा गेला, दुसऱ्याचा काही भाग. माणूस एकही दगावला नाही. पाच आठवड्यांची उसंत मिळाली होती ना. पिळवटलेले पोलादी गर्डर पुढे रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवले गेले.

अशा पुराला आइसलँडमध्ये ‘योकुलह्लोइप’ म्हणतात, म्हणजे हिमनदीची धाव. जगभरच्या शास्त्रज्ञांनी हाच शब्द उचलला आहे.

2004 मध्ये गाडी उलटी चालली. ग्रिम्सव्होत्नचं तळं आधी रिकामं होऊ लागलं. पाण्याचं ओझं उतरल्याने खालच्या शिलारसावरचा दाब घटला, आणि फुटायच्या बेतात असलेला ज्वालामुखी 1 नोव्हेंबरला फुटला.