गिरणगावात घर घेण्याआधी : जमिनीची पार्श्वभूमी

लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, शिवडी, वरळी या मुंबईच्या जुन्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, घर घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण स्टेशनच्या अंतरावरून आणि चौरस फुटाच्या भावावरून देतात. इथे तेवढ्यावर भागत नाही. एकाच गल्लीत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन इमारतींची कायदेशीर कुळकथा इथे इतकी वेगळी असते, की एकीतला व्यवहार शहाणपणाचा ठरतो आणि दुसरीतला आयुष्यभर कोर्टाच्या तारखा मागे लावतो. एक इमारत गिरणीच्या आवारात उठलेली, दुसरी पागडीच्या चाळीच्या जागी, तिसरी सरकारी चाळ, चौथी मुंबई बंदराच्या जमिनीवर, भाडेपट्ट्याने. त्यामुळे वस्ती कशी आहे हे विचारण्याआधी, पैसे ज्या तुकड्यावर पडणार तो तुकडा कोणत्या वाटेने इथवर आला हे पाहावे लागते.

जुना भाग थोडक्यात. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली, तीही गिरणगावाच्या कडेला, ताडदेवला. मग गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांच्या भोवती कोकण-घाटावरून आलेल्या माणसांसाठी चाळी. १८९६च्या प्लेगने त्या चाळींची दाटी सरकारच्या डोळ्यांवर आणली. १९२०च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

आजच्या व्यवहारावर सावली टाकणारी पहिली गोष्ट १९४७ची. त्या वर्षीच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. लढाईनंतरच्या टंचाईत तो भाडेकरूंना आधार होता, आणि गिरणी कामगाराला मुंबईत टिकू देणारी तीच एक भिंत होती असे माझे मत आहे. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि दशकानुदशके राहिला. भाड्यातून डागडुजीही सुटेना, तेव्हा मालकाने चाळीकडे पाठ फिरवली, आणि खोली हातबदल करताना पावतीवर न येणारी एकरकमी रक्कम, म्हणजे पागडी, रूढ झाली. ती कायद्याने गुन्हा होती आणि सर्रास चालत होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५६व्या कलमाने तिला मान्यता दिली. त्यानंतर पागडीची खोली उघडपणे घेता-देता येऊ लागली, पण घेणारा मालक होत नाही, भाडेकरूच राहतो. भाडेपावती नावावर करून देण्यासाठी घरमालक रकमेतला वाटा घेतो, साधारण एक तृतीयांश, काही ठिकाणी त्याहून जास्त. बँका अशा खोलीवर गृहकर्ज देताना सहसा हात आखडता घेतात, कारण तारण ठेवायला मालकीच नसते.

चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुसरा कायदा आला. शहर भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींकडून उपकर (सेस) घ्यायचा आणि त्या पैशातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती अ वर्गात, १९५० अखेरपर्यंतच्या ब वर्गात, ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या क वर्गात. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९ हजारांहून जास्त होत्या. आज लालबागमध्ये कोणी 'सेसची बिल्डिंग आहे, टॉवर होणार' म्हणून खोली दाखवतो, तेव्हा तो याच यादीचा हवाला देत असतो. यादीत नाव असले की पुनर्विकासात जास्त बांधकामाची परवानगी मिळण्याची वाट खुली होते. काम कधी सुरू होईल, याची हमी ती यादी देत नाही.

आता गिरण्यांच्या जमिनी. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. इथे त्याची कथा सांगण्याची गरज नाही, घरोघरी ती माहीत आहे. घर घेणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की संपानंतर सुमारे ६०० एकर जमिनीचा मूळ उपयोग संपत आला आणि त्या जमिनीवर पुढे काय व्हावे हा मुंबईतला सर्वांत मोठा वाद झाला.

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने एक वाटणी सुचवली होती. गिरणीची जमीन विकायची किंवा नव्याने विकसित करायची असेल, तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वाटणीचे नेमके प्रमाण जमिनीच्या आकारानुसार थोडे बदलत होते. हा नियम शहराच्या बाजूचा होता, मात्र त्यात एक पळवाट राहिली. जुन्या बांधकामाला हात न लावता त्याचा वापर बदलला, तर वाटणी टाळता येत होती. मग शेड तशाच ठेवून आत कार्यालये, दुकाने, जाहिरात कंपन्या आल्या. दहा वर्षांत शहराच्या हाती फार थोडी जमीन पडली. १९९६ मध्ये राज्य सरकारने एका नामवंत वास्तुरचनाकाराकडे अभ्यासगट सोपवला. त्यांना फक्त केंद्र सरकारच्या महामंडळाकडच्या २५ गिरण्या पाहता आल्या, खासगी आवारांचे दरवाजे उघडले नाहीत. तरीही त्यांनी सांगितलेली गोष्ट रास्त होती: तुकड्या-तुकड्याने परवानग्या देऊ नका, शेजारच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, मैदाने आणि घरे आखा.

तसे झाले नाही. २००१ मध्ये ५८वा नियम बदलला आणि सगळा खेळ 'मोकळी जमीन' या दोन शब्दांवर आला. नव्या मजकुराप्रमाणे वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती मोकळ्या जमिनीत धरायची नाही, पाडलेल्या बांधकामाइतके क्षेत्र मालकाने पुन्हा बांधावे. गिरणीचे आवार म्हणजे बहुतांशी शेडच. त्यामुळे तिघांत वाटायचे ताट एकाच्याच पुढ्यात सरकले. सरकारची बाजू अशी होती, की जुन्या नियमामुळे जमीन अडकून पडली आहे, मालक विकत नाहीत, आणि विक्रीशिवाय कामगारांची थकलेली देणी देता येत नाहीत. देण्यांचा मुद्दा खरा होता, लोक पैशांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालत होते. पण देणी चुकती करण्यासाठी शहराचा वाटा जवळजवळ पुसून टाकावा लागतो, हे कधीच पटवून दिले गेले नाही.

एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने मोकळ्या जमिनीत पाडकामानंतरची जमीनही येते असा अर्थ लावला. तोवर त्याच वर्षी लिलाव होऊन गेले होते. लोअर परळची एक गिरणी ७०२ कोटींना विकली गेली आणि तो आकडा पुढच्या सगळ्या भावांचा मापदंड झाला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि २००१चा नियम कायम राहिला.

या निकालाचा घर घेणाऱ्याशी संबंध दुहेरी आहे. गिरणीच्या जमिनीवरच्या टॉवरमध्ये मालकीहक्क बहुधा स्वच्छ मिळतो. सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाल्याने त्या नियमाचा वाद सहसा पुन्हा उकरला जात नाही. पण त्याच निकालामुळे त्या टॉवरच्या फाटकाबाहेर रस्ता तेवढाच राहिला. जिथे मैदान, शाळा, रुंद रस्ता यायचा तिथे दुसरा टॉवर आला. सप्टेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ती बहुतेक याच भागात नोकरीला येणारी. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लोअर परळच्या एका गिरणी आवारात हॉटेलांच्या आगीत १४ जण गेले. लोअर परळचा पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. या घटनांना नुसती दुर्दैवे म्हणून सोडून देता येत नाही. कारखान्यांसाठी आखलेल्या रस्त्यांवर, वाटणी न करता, कार्यालयांची आणि टॉवरांची गर्दी चढवली त्याचा हा हिशेब आहे, आणि इथल्या घराची किंमत मोजताना तो धरायलाच हवा. नमुना फ्लॅट दाखवला जातो त्या रविवारी हे दिसत नाही. कामाच्या दिवशी सकाळी नऊला करी रोडच्या जिन्यावर दिसते, आणि जुलैत पाणी तुंबलेल्या हिंदमाताच्या चौकात.

पागडीच्या चाळींचा पुनर्विकास वेगळ्या वाटेने चालतो. विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली बिल्डरने जुन्या भाडेकरूंना नवी घरे मोफत द्यायची आणि वाढीव क्षेत्र बाजारात विकायचे. नव्या नियमावलीत ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते, आधी ७० टक्के लागत. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे, म्हणजे भिंतींच्या आतल्या मापाचे, घर मिळते. चाळ पाडल्यावर बिल्डर अडकला की भाड्याचे चेक थांबतात आणि कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा पार डोंबिवली-विरारला वर्षे काढतात. त्यामुळे 'टॉवर होणार' या भरवशावर पागडीची खोली घेणारा खरे तर बिल्डरच्या तब्येतीवर पैसे लावतो. आणखी एक खास इथली गुंतागुंत म्हणजे गावकीच्या खोल्या. कोकणातल्या कित्येक गावांच्या मंडळांनी गावकऱ्यांसाठी सामाईक खोल्या घेतल्या, पावती मात्र एकाच माणसाच्या नावावर. त्याचे वारस ती खोली विकायला काढतात तेव्हा हक्क सांगायला सारा गाव उभा राहतो. पावती पाहिली म्हणजे हक्क पाहिला असे इथे धरता येत नाही.

सेल विंगमधला, म्हणजे बाजारात विकायच्या भागातला, फ्लॅट घेणाऱ्याने शेजारच्या रिहॅब विंगची, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीची, अवस्था पाहावी. भूखंड एकच असतो, पाणी, ड्रेनेज, अग्निशमन पुष्कळदा सामाईक असते. रिहॅब विंगमधल्या पेन्शनवरच्या घरांना बावीस मजल्यांच्या लिफ्टचा मेंटेनन्स परवडत नसेल आणि देखभालीसाठी ठेवलेला कॉर्पस फंड तुटपुंजा असेल, तर ती घरे विकली जातात आणि मूळ माणसे उठून जातात. मे २०१७ पासून लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्यामुळे सेल भागाची नोंदणी आणि चटईक्षेत्र तपासता येते. पण रिहॅबची भोगवटा प्रमाणपत्रे मिळाली का, किती भाडेकरूंना ताबा दिला, हे वेगळे विचारावे लागते. जुन्यांना घर न देता नव्यांना चाव्या देणाऱ्या बिल्डरकडून पुढची शिस्त कशी अपेक्षावी?

गेल्या दोन-तीन वर्षांत चित्र पुन्हा हलले आहे. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली आणि वरळी-महालक्ष्मीची बाजू जोडली गेली. लालबाग-शिवडीच्या बाजूला तिचा फायदा चालत जाण्याच्या अंतरात नाही. शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, तेव्हा परळच्या पूर्व-पश्चिम येण्याजाण्याचे हाल काही काळ सोसावे लागणार. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिवडीच्या १२ बीडीडी चाळी मात्र मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन राज्य सरकारची नाही, बंदराची आहे. चाळी एकाच योजनेतल्या, खोल्या एकाच मापाच्या, माणसेही सारखीच, फरक फक्त जमिनीच्या धन्याचा. शिवडीत स्वस्त दिसणाऱ्या कुठल्याही घराचा विचार करताना मालमत्ता पत्रकावर जमिनीचा धनी कोण आणि भाडेपट्टा असेल तर तो कधी संपतो, हे टोकन देण्याआधी पाहावे, नंतर नव्हे.