जुन्या स्पोर्ट्स कारमधला गंज आणि तो थांबवणारे रसायनशास्त्र

जुनी स्पोर्ट्स कार घरीच पुन्हा उभी करायला घेणाऱ्या माणसाचे लक्ष सर्वांत आधी इंजिनकडे जाते. वास्तविक इंजिन हा या कामातला तुलनेने सरळ भाग आहे, कारण झिजलेली बेअरिंगे, पिस्टन रिंगा आणि गॅस्केटे बदलता येतात आणि प्रत्येक मोजमाप पुस्तकात दिलेले असते. गाडी वाचणार की नाही, हे ठरते पत्र्यावर. १९६२ साली बाजारात आलेल्या एमजीबी या उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे उदाहरण घ्या. तिला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालची स्वतंत्र चौकट, नाही. पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून तयार झालेली पेटी हाच तिचा सांगाडा आहे. उघड्या टपाच्या गाडीला छपराचा आधार नसल्यामुळे गाडीला मधोमध वाकवू पाहणारा बराचसा भार दाराखालच्या पोकळ पट्टीवर, म्हणजे सिलवर येतो. अशी गाडी जॅकवर उचलताना दाराच्या कडेची फट बारीक होऊ लागली किंवा दार अडकू लागले, तर बाहेरून रंग कितीही चकचकीत दिसला तरी सिल आतून खाल्ली गेली आहे, असे समजावे.

गंज म्हणजे लोखंडाला हवा लागून होणारा बदल, एवढेच आपण शाळेत शिकतो. पण गाडी दुरुस्त करणाऱ्याला त्यापुढची गोष्ट माहीत असावी लागते. गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर पाण्याचा पातळ थर असला की एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी वाहत जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी त्यांना स्वीकारून हायड्रॉक्साइड आयन तयार करतात. पहिली जागा ॲनोड, दुसरी कॅथोड, मधला पत्रा ही तार आणि पाणी हा विद्युत-अपघटनी द्राव: एका विद्युतघटाला, म्हणजे बॅटरीच्या सेलला, लागणारे सारे काही तिथे हजर असते. पाण्यात मीठ मिसळले की त्याची विद्युतवाहकता वाढते आणि क्रिया वेग घेते. म्हणूनच समुद्राकाठी किंवा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वापरलेल्या गाड्या लवकर सडतात.

या घटाचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण गंज नेमका कुठे शोधायचा हे त्यावरून कळते. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सुंदर प्रयोग आहे. स्वच्छ लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यात दोन सूचक द्रव्ये मिसळायची: लोखंडाचे आयन आले की निळे होणारे एक आणि हायड्रॉक्साइड आयनांमुळे गुलाबी होणारे दुसरे. थोड्याच वेळात थेंबाचा मध्य निळा आणि कडा गुलाबी दिसू लागते. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो, म्हणून ती कॅथोड बनते. मध्यभागी तो कमी पोहोचतो, म्हणून तिथले लोखंड विरघळते. तपकिरी गंज मात्र साठतो तो या दोहोंच्या मध्ये. म्हणजे धातू जिथे झिजतो ती जागा आणि गंज जिथे दिसतो ती जागा वेगवेगळी असू शकते, आणि झिजण्याचे ठिकाण बहुधा ऑक्सिजन कमी पोहोचणारे असते. गाडीत अशा जागा भरपूर असतात. स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्यांएवढ्या वेल्डने, जोडलेल्या दोन पत्र्यांमधली फट, चाकावरच्या कमानीची आत दुमडलेली कड, चिखल साचलेला सिलचा तळ आणि भिजलेल्या गालिच्याखालची जमीन या सगळ्या ठिकाणी गंज आतून बाहेर येतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे जोडातले पत्रे फुगून एकमेकांपासून दूर सरकतात आणि अधिक पाणी आत शिरते. रंगाखाली दिसणारा छोटा फुगवटा हा या कथेचा शेवटचा भाग असतो. त्यावर पुट्टी भरणे म्हणजे निव्वळ झाकपाक करणे होय.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकत असतील, तर हाच घट आणखी जोरात चालतो. १९६३ साली आलेल्या ॲस्टन मार्टिन डीबी५ मध्ये पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला आहे. दोहोंच्या मध्ये ओल शिरली की अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम खर्ची पडते आणि रंगाखाली पांढरी भुकटी जमते. अशा ठिकाणी दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक थर घालणे हाच खरा उपाय आहे.

गंज काढण्याच्या पद्धतींपैकी घरी करण्यासारखी आणि मला सर्वांत आवडणारी पद्धत विद्युत-अपघटनाची आहे. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या पोलादाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडतात. विद्युतप्रवाह सुरू होताच गंजलेल्या भागावरून बारीक बुडबुड्यांच्या माळा सुटू लागतात, पाण्यावर तपकिरी फेस येतो आणि काही तासांनी गंजाचा थर काळा व सैल होऊन ब्रशने निघून येतो. वर सांगितलेल्या घटाची दिशा इथे बाहेरून उलटवलेली असते. भाग कॅथोड झाल्यामुळे त्याचा चांगला धातू जवळजवळ विरघळत नाही. आम्लाने हे साधत नाही, कारण ते गंजाबरोबर धातूही खाते. बंद जोडात शिरलेले आम्ल धुऊन निघाले नाही, तर रंगाखाली त्याचे काम चालूच राहते. मात्र धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होऊ शकतात. बुडबुड्यांमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात, त्यामुळे हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करावे. तसेच स्प्रिंगा आणि उच्च ताकदीचे बोल्ट या टबात घालू नयेत. कॅथोडवर तयार होणारा हायड्रोजन अशा पोलादात शिरून त्याला ठिसूळ बनवतो आणि तो भाग पुढे भाराखाली अचानक तुटू शकतो.

सडलेला पत्रा कापून नवा जोडताना उष्णतेशी गाठ पडते. बॉडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो. वेल्डजवळचा तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. त्यामुळे मऊ झालेला धातू तिथल्या तिथे दाबला जातो आणि थंड होताना मूळ मापापेक्षा आखडतो. सलग लांब वेल्ड केला की पत्रा लाटेसारखा वाकडा होतो, तो यामुळेच. म्हणून दूरदूर टाके, म्हणजे छोटे सुटे वेल्ड, घालत, प्रत्येक टाका थंड होऊ देत पुढे जावे लागते. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या वाफांपासून फॉस्जीन हा अतिविषारी वायू तयार होतो.

नव्या पत्र्याचे संरक्षण पुन्हा त्याच विद्युतरसायनशास्त्राने करता येते. धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो हे त्याच्या प्रमाण विभवावरून कळते; तो जितका अधिक उणे, तितका धातू अधिक क्रियाशील. जस्ताचा प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आहे, तर लोखंडाचा उणे ०.४४, त्यामुळे दोन्ही एकत्र असताना आधी जस्त विरघळते आणि लोखंड वाचते. अधिक क्रियाशील धातूचा असा बळी देऊन जहाजांच्या तळावरचे तांब्याचे पत्रे वाचवण्याची कल्पना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ सालीच मांडली होती. पोर्श कंपनीने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या बॉडीसाठी जस्तलेपित पोलाद १९७० च्या दशकात वापरात आणले. त्याआधीच्या बहुतेक स्पोर्ट्स कारना हे कवच नव्हते. घरी काम करणाऱ्याने दोन पत्रे एकमेकांवर बसवण्यापूर्वी आतल्या बाजूंना जस्तयुक्त, वेल्ड करता येण्याजोगा प्राइमर लावावा. वेल्डच्या अगदी जवळचा जस्ताचा थर जळून जातो, कारण जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते आणि पोलाद वितळते सुमारे १५०० अंशांना. तो धूर श्वासात गेल्यास ताप भरतो, तेव्हा योग्य मास्क हवाच.

जळालेली ही जागा आतल्या बाजूला उघडीच राहते आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. म्हणून रंगकाम पूर्ण झाल्यावर सिलच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारतात. ते फटींमध्ये झिरपते, पाण्याला धातूपासून दूर ठेवते आणि मऊ राहत असल्याने गाडीच्या हादऱ्यांनी तडकत नाही. फवारणीनंतर सिलच्या तळाची निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करून घ्यावीत. ती मेणाने बुजली, तर आत शिरलेले पाणी तिथेच साचून राहील.