हिमदंशावर बर्फ चोळू नका

‘हिमदंश झालेल्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीने गोठलेल्या बोटांवर बर्फ चोळला की रक्त पुन्हा खेळतं’ हा समज जुना आहे. १८१२ साली रशियातून माघार घेताना नेपोलियनचे सैनिक गोठलेले हातपाय शेकोटीवर धरून भाजून घेत. त्यापेक्षा बर्फ बरा वाटला. पुढे ध्रुवीय मोहिमांतही तो चोळला गेला.

ध्रुवावरच्या बर्फात थर्मामीटर खुपसून पाहा, पारा शून्याखालीच राहतो. म्हणजे बर्फ बोटाची उरलीसुरली ऊबही ओढून घेतो आणि चोळल्याने गोठलेली, नाजूक झालेली ऊती आणखी फाटते.

खरा उपाय म्हणजे अंगठ्या काढून बोटं ३७ ते ३९ अंश सेल्सिअस पाण्यात साधारण अर्धा तास बुडवणं. पाणी थर्मामीटरनेच मोजा, कारण सुन्न बोटाला चटका कळत नाही. वाटेत पुन्हा गोठण्याचा धोका असेल, तर मात्र तंबूत वितळवू नका. दुसऱ्यांदा गोठलेलं बोट गमावण्याची शक्यता फार वाढते.