बसायचा कंटाळा की रिकामं जातं?

लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन वाक्यं कायम असतात. "लिहायचा कंटाळा आलाय" आणि "काही सुचतच नाहीये". एका दमात बोलून टाकतो आपण ती, एकाच दुखण्याची दोन नावं असल्यासारखी. पण दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उतारे तर एकमेकांच्या अगदी उलट. एकात मन मारून बसावं लागतं, दुसऱ्यात उठून बाहेर जावं लागतं. उतारा चुकला की महिनेच्या महिने वाया जातात. माझे गेलेत, म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या आजीचं गाव गंगाखेडपासून जवळ. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत जायची तेव्हा गावात पिठाची गिरणी आली होती, पण डाळ भरडायला घरचं जातंच लागायचं. मला त्याच्या घरघरीचं फार वेड. दुपारी सगळे आडवे झाले की मी खुंटा धरून ते रिकामंच फिरवत बसायचे. आजीने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "रिकामं जातं फिरवू नकू, लेकरा. कच उतरती." दगडावर दगड घासला की बारीक कच पडते आणि पुढच्या दळणात मिसळते. मग भाकरीचा घास तोंडात करकरतो.

"जात्यावर बसलं की ओवी सुचते" ही म्हण आपण लिहिण्याच्या बाबतीत सर्रास वापरतो. खरी आहे ती. आजीला नुसतंच "ओवी म्हण" म्हटलं तर आठवायची नाही, खुंटा हातात आला की एकामागून एक यायच्या. पण म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. बाईच्या शेजारी दळणाची पाटी, म्हणजे टोपली, भरलेली असायची. एका हाताने खुंटा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचं धान्य. मनाची पाटीही तशीच काठोकाठ असायची: माहेर, सासर, न आलेला भाऊ, पंढरीची वाट. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं पीक निघालं ते केवळ बसण्याच्या शिस्तीवर निघालेलं नाही.

तेव्हा आळस म्हणजे पाटी भरलेली असून जात्यावर न बसणं. न सुचणं म्हणजे जात्यावर बसलेलं असून पाटीत दाणा नसणं.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. वही कोरी, पेनाचं टोपण लावलेलं, हातात मोबाइल. यातलं आपलं कोणतं, हे ओळखायची माझी एक साधी रीत आहे. जवळच्या माणसाला चहाला बोलवायचं आणि जे लिहायचंय ते तोंडी सांगायला लागायचं. "अगं, काय झालं माहितीये का" म्हणत तुम्ही दहा मिनिटं थांबलाच नाहीत, चहा गार झाला, तर पाटी भरलेली आहे. तुम्हाला आळस आलाय, बाकी काही नाही. आणि "मला ना, दुष्काळावर लिहायचंय… म्हणजे दुष्काळ किती भयंकर असतो…" इथेच जीभ अडली, तर बसून उपयोग नाही. विषयाचं नाव तुमच्याकडे आहे, विषय अजून आलेला नाही.

दुसरी खूण बसल्यावर कळते. आळस असेल तर पहिली पाच-सात मिनिटं जड जातात आणि मग हात सुटतो. पाटी रिकामी असेल तर उलट होतं. पहिल्या ओळी भराभर येतात, कारण त्या आपल्या नसतात, कुठेतरी वाचलेल्या असतात. अर्ध्या पानावर त्या संपतात.

आळसाचं औषध जुनं आहे आणि आमच्या अंबाजोगाईत ते चारशे वर्षांपूर्वीचं सापडतं. संतकवी दासोपंत (1551-1615) इथेच राहिले. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो, आणि कापडाच्या पासोडीवर त्यांनी 'पंचीकरण' लिहिलं तेही प्रसिद्ध आहे. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपेल इतकं ते लिहीत, असं परंपरेने सांगतात. मला या आठवणीतलं माप फार आवडतं. आज किती चांगलं लिहिलं, हा प्रश्नच नाही; शाई संपली का, एवढंच. आळशी मनाला गुणवत्तेचं माप दिलं की ते घासाघीस करत बसतं. शाईच्या मापापुढे त्याचं काही चालत नाही. एक पान, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, बस्स.

बायका दळण रात्रीच निवडून, पाखडून ठेवत. पहाटे उठून फक्त बसायचं. लिहिण्यातही हे करून बघा. उद्याची पहिली ओळ आजच कागदावर टाकून झोपा, ओबडधोबड असली तरी चालेल. सकाळी कोऱ्या पानापुढे बसणं आणि एक ओळ असलेल्या पानापुढे बसणं, यात किती फरक आहे ते बसल्यावरच कळतं.

आळसाबद्दल आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. आपल्याकडच्या पुष्कळ पोरांच्या आळसाच्या पोटात भीती असते. "आपलं बोलणं गावंढळ, असं लिहिलं तर लोक हसतील." घरात 'कामून' म्हणणारा मुलगा कागदावर 'कशासाठी' लिहायला जातो, अडतो, वही मिटतो आणि स्वतःला आळशी समजतो. त्याची पाटी शिगोशिग भरलेली असते. त्याला शिस्तीचे धडे देऊ नका, 'कामून' लिहायची मोकळीक द्या. "आळशाला गंगा दूर" म्हणतात. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, आणि ती गंगाखेडच्या घाटाला लागून वाहते. अशा पोराला पाणी दूर नसतं. घाटावर कुणी हसेल, याचीच त्याला धास्ती असते.

आता रिकाम्या पाटीचं. माझे महिने गेले ते इथे. एका दिवाळी अंकाने गावातल्या बाजारावर लेख मागितला होता. सुचेना. मी स्वतःला आळशी ठरवलं आणि पहाटे पाचचा गजर लावून रोज पानं भरायला लागले. महिन्याभरात साठ पानं झाली. संपादकांनी लेख परत पाठवला, सोबत एकच ओळ: यात बाजार कुठे आहे? मला रडू आलं होतं. पण ओळ खरी होती. मी त्या वर्षी बाजारात एकदाही नीट थांबले नव्हते, पिशवी भरून परत येत होते. शिस्तीत कसूर नव्हती, जातं रोज फिरत होतं. उतरली ती कच.

पाटी भरायची म्हणजे प्रेरणेची वाट बघायची नाही. ते कामच आहे, नेमून करायचं. ज्यावर लिहायचं तिथे जाऊन उभं राहायचं. मोठ्या माणसांना विचारायचं, पण "तेव्हा कसं होतं हो?" असं मोघम विचारायचं नाही. घागर कोणत्या हातात असायची, भाव काय होता, दाराला कडी होती की कुलूप, असं विचारायचं. जुनी बिलं, पत्रं, डायऱ्या चाळायच्या. वाचायचं तर आपल्या विषयाच्या आजूबाजूचं. आणि या काळात लिहायला बसायचंच नाही, फक्त टिपणं काढायची.

एक धोका मात्र आहे. आळसाला रिकाम्या पाटीचं सोंग छान जमतं. "अजून थोडं वाचायचंय, अजून दोघांना भेटायचंय" करत वर्ष निघून जातं. तेव्हा पुन्हा चहाचीच परीक्षा घ्यायची. जीभ सुटली असेल तर भेटीगाठी पुरे, बसा.

काही गोष्टी या दोन्हींत बसत नाहीत. मे महिन्यात दुपारी पत्रे तापलेले, वीज गेलेली, तेव्हा काही उमटत नसेल तर तो उन्हाचा शीण आहे. लिहिणं पहाटेवर न्या. पाटी भरलेली, बैठकही रोजची, तरी लिखाण बेचव होत असेल तर जात्याचा दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडून घ्यायला हव्यात. जाणत्या माणसाला लिखाण दाखवा. आणि जेवण, झोप, माणसं, कशातच आठवडेच्या आठवडे गोडी वाटत नसेल तर त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 या क्रमांकावर फोन करा. तिथे बोलायला पैसे पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात लातूरची एक मुलगी माझ्याकडे निबंध घेऊन आली. विषय पाणी. "बळीराजा आभाळाकडे डोळे लावून बसला आहे" इथून सुरुवात, आणि दीड पानावर गाडी थांबलेली. "बाई, मी फार आळशी आहे," म्हणाली. मी तिला विचारलं, एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा तू केवढी होतीस? पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. त्याआधीच, मार्चमध्ये, शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. हे आकडे कुणालाही मिळतात. तुझ्या घरात काय चाललं होतं?

तिला नीट आठवेना. आठ-नऊ वर्षांची होती ती. मी निबंध बाजूला ठेवला आणि तिला घरी पाठवलं, लिहू नकोस, फक्त विचारून ये म्हणून.

चार दिवसांनी वही घेऊन आली. आईने सांगितलेलं, आईच्याच शब्दांत. घरात दोन निळे ड्रम होते, एक दारामागे आणि एक पलंगाखाली आडवा, कारण तो फुटका होता आणि आडवा ठेवला तरच अर्धा भरायचा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. पाहुणे आले की आई पाण्याचा तांब्या पुढे करायची, पण मनात म्हणायची, अर्धाच प्यावा. हे शेवटचं सांगताना आई ओशाळली होती म्हणे. पोरीने तेही लिहून घेतलं होतं.

पुढचं पान तिने अजून आणलेलं नाही. काल रस्त्यात भेटली तेव्हा विचारलं. म्हणाली, आत्याकडे जाऊन यायचंय, त्यांच्या गल्लीत टँकर कोणत्या वारी यायचा, यावरून आई आणि आजीचं भांडण लागलंय.