झावळी कोणाच्या हाती? गोव्यातल्या एका ख्रिस्ती चिन्हाची पार्श्वभूमी

येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला आणि लोकांनी त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण म्हणजे ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार. हा प्रसंग सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी झावळ्यांचं नाव घेतं ते एकट्या योहानाचं (12:13). मत्तयात लोक झाडांच्या फांद्या तोडून वाटेवर पसरतात, मार्कात शेतातला पाला आणतात. लूकमध्ये फांदीचा उल्लेखच नाही, अंगावरची वस्त्रं तेवढी अंथरली जातात. तरी रविवारला नाव पडलं ते झावळ्यांचंच. यरुशलेमच्या माणसाला खजुरीची झावळी हलवणं म्हणजे काय हे आधीपासून ठाऊक होतं. इ.स.पू. 141 मध्ये परकी शिबंदी हुसकावून तिथला गड मोकळा केला, तेव्हा लोक झावळ्या आणि वाद्यं घेऊन आत शिरले, अशी नोंद ज्यूंच्या उठावाचा इतिहास सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. तेव्हा गाढवावर बसून येणाऱ्याचं स्वागत झावळ्यांनी करणं हे नुसतं कौतुक नव्हतं, त्यात राजकारण होतं. रोमन लोकांनाही ते कळत असावं. इ.स. 70 मध्ये यरुशलेम पाडल्यावर त्यांनी जी नाणी काढली त्यांवर खजुरीचं झाड आहे आणि त्याखाली शोक करत बसलेली बाई.

रोममध्ये आखाड्यात जिंकणाऱ्याला झावळी मिळे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायात, पांढरे झगे घातलेला अफाट जमाव हातात झावळ्या घेऊन उभा आहे, आणि ही माणसं मोठ्या छळातून आलेली आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आखाड्यात मारला गेलेला ख्रिस्तीच खरा विजयी ठरला. तेव्हापासून चित्रात किंवा मूर्तीत संताच्या हाती झावळी दिसली की तो श्रद्धेपायी मारला गेला असं समजायचं.

गोव्यात झावळी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. खजुरीचा हट्ट चर्चने कधी धरला नाही. इटलीत ऑलिव्हची डहाळी चालली, उत्तर युरोपात विलोची. इथे माडाचं चुडत, म्हणजे माडाची झावळी आली. माटवाला चुडत, चुलीला पिडे, केरसुणीला हीर (पातीतली मधली काडी) असा ज्याचा रोजचा वापर, त्याचीच कोवळी पात हीर काढून दुमडली की हातभर लांबीत एक क्रूस तयार होतो. तो वर्षभर घरातल्या अल्तारावर (वेदीवर) राहतो आणि वाळून पिवळा पडतो. पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला लागणारी राख अशाच जुन्या झावळ्यांची करायची रीत आहे. गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) 1736 च्या फर्मानाने बाटलेल्यांच्या दारातली तुळस उपटायला लावली, पुडवें (धोतर) नेसायला बंदी केली. माडाच्या वाटेला मात्र कोणी जाऊ शकलं नसतं, अर्ध्या गोव्याचं पोट त्यावर होतं. (2016 मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती करून याच माडाला झाडांच्या यादीतून काढलं, ओरड झाल्यावर 2017 मध्ये यादीत परत घेतलं.)

त्या रविवारच्या विधीत मोठा बदल झाला तो 25 मार्च 1956 पासून. त्याआधी झावळ्यांवरच्या आशीर्वादाच्या प्रार्थनाच इतक्या लांब असत की तीच एक वेगळी मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) वाटावी. मिरवणूक परतली की बंद दारावर क्रूसाच्या दांड्याने ठोकायचं, मग दार उघडायचं. नव्या नियमांनी प्रार्थना छाटल्या, दार ठोकणं गेलं, मिरवणुकीसाठी जांभळ्याऐवजी लाल वस्त्रं आली. पुढे आदल्या आठवड्यातला दुःखसहनाचा रविवार यातच मिसळला. विजयाची झावळी व मरणाचं वाचन एकाच सकाळी येणं मात्र त्याआधीपासूनचं आहे.

खरा गुंता आहे तो हौतात्म्याच्या झावळीचा. गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर पहिल्या दिवसापासून आली. 25 नोव्हेंबर 1510 ला शहर पडलं तो सांता कातारिनाचा दिवस. ही अलेक्झांड्रियाची कुमारिका. चाक, तलवार आणि झावळी या तिच्या खुणा. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे, आणि तिथल्या मुख्य वेदीमागच्या सोनेरी फळ्यांवर तिचा छळ कोरलेला आहे. गंमत अशी, की ही बाई झाली तरी होती का, याची शंका येऊन 1969 मध्ये तिचं नाव रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून काढलं होतं. 2002 मध्ये ते परत आलं. पण मधल्या काळात तिच्या हातची झावळी कोणी काढून घेतली नव्हती.

आता कुंकळ्ळी, दक्षिण गोव्यातल्या साष्टीचं गाव. जुलै 1583 मध्ये इथे पाच जेझुइट (येशूसंघाचे धर्मप्रसारक) मारले गेले. त्यांच्यातला प्रमुख त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतलेला होता. चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस उभारायला ते आले होते. एवढंच सांगितलं तर अर्धीच गोष्ट होते. साष्टीतली देवळं 1567 पासून पाडली जात होती. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या पाच गावांनी कर नाकारला होता, आणि गावावर चालून गेलेल्या तुकड्यांबरोबर देवळं पाडायला या पाच जेझुइटांपैकी काहीजण स्वतः गेले होते, हे जेझुइटांच्याच बाजूच्या लिखाणात आहे. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलं. एकजण नदीत उडी टाकून वाचला, असं गाव सांगतो. गावची देवी शांतादुर्गा शेजारच्या फातर्प्याला गेली ती तिथेच राहिली.

1893 मध्ये रोमने पाच जेझुइटांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. झावळी अधिकृतपणे त्यांच्या हाती आली. 1583 मध्ये त्यांच्याबरोबर त्याच दिवशी एक पोर्तुगीज आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही मेले होते. त्यांत पाद्रीचं प्रार्थनापुस्तक हातचं न सोडणारा एक वेदीसेवक पोर होता. दुसरा मुलगा कुंकळ्ळीचाच. देवळं कुठे आहेत ते त्याने पाद्रींना दाखवलं होतं, आणि त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारलं असं जुनी नोंद सांगते. श्रद्धेपायी मरण ही जर कसोटी असेल, तर ती या मुलांना लागू पडत नाही असं म्हणणं कठीण आहे. तरी यादीत पाचच नावं आली. असण्याविषयीच खात्री नसलेल्या कातारिनाला झावळी, आणि नाव-गाव-मरण सगळं नोंदलेल्या गोव्याच्या पोरांना नाही. या निर्णयावर गोव्यात व्हायला हवी होती तेवढी चर्चा झालेली नाही. वाद होतो तो दुसऱ्याच अंगाने: पाद्री हुतात्मे की गावकार (गावचे वंशपरंपरागत प्रमुख) हुतात्मे.

त्या वादात गावकारांची बाजू बरीच उशिरा बोलू लागली. आज असोळण्यात मारल्या गेलेल्यांचं स्मारक कुंकळ्ळीत आहे. ज्यांची देवळं पाडली आणि ज्यांना बोलणीच्या नावाखाली मारलं, त्यांना हुतात्मा म्हणायला तीन-चार शतकं लागावीत हे पटण्यासारखं नाही. पण गावात गोष्ट एवढी सरळ विभागलेली नाही. फाल्गुनात फातर्प्याहून देवीबरोबर बारा छत्र्या कुंकळ्ळीला येतात, एकेका वांगडाची (कुळाची) एक. या बारा वांगडांची आजची घरं हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. छत्र्यांची मिरवणूक कधी कधी ऐन कॉरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) पडते, मग महिनाभरात त्याच गावात चुडतं घेतलेली दुसरी मिरवणूक निघते. 1893 च्या यादीत मात्र त्यानंतर एकाही नावाची भर पडलेली नाही.