वाचायला नाखूश मुलं : त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचवण्याच्या प्रयत्नांचा मागोवा

मूल वाचत नाही ही काळजी मोबाइलच्या आणि टीव्हीच्याही कितीतरी आधीची आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९३ साली मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना तिची नीट दखल घेतली होती. वाचन मुलावर काम म्हणून लादू नये. वाचता यायला वर्षभर उशीर झाला तरी बेहत्तर, पण त्यापायी शिकण्याचीच नावड लागायला नको, असं त्यांचं म्हणणं. फाशांवर अक्षरं चिकटवून खेळता खेळता अक्षरओळख करून द्यावी आणि वाचता येऊ लागलं की हाती सोपं, मजेचं पुस्तक द्यावं, असं त्यांनी सुचवलं. इसापच्या गोष्टी त्यांना त्यासाठी योग्य वाटल्या, त्याही शक्यतो चित्रांसह. त्या काळी इंग्लंडमध्ये मुलं वाचायला शिकत ती प्रार्थना आणि बायबलवर. बायबलचे अध्याय ओळीने वाचायला लावून मुलाला वाचनाचा आनंद मिळत नाही, हे लॉक यांनी स्पष्टच लिहिलं. मूल वाचत नसेल तर आधी त्याच्या हातात काय दिलं आहे ते बघावं, हा विचार इथे पहिल्यांदा इतक्या ठामपणे मांडलेला दिसतो.

चित्रांचं महत्त्व त्याच्याही आधी कमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने ओळखलं होतं. १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेलं त्याचं सचित्र पाठ्यपुस्तक पुढे युरोपभर वापरलं गेलं. लॉक यांचा सल्ला बाजारात उतरवला तो लंडनच्या जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने. १७४४ साली त्याने मुलांसाठी एक चिमुकलं पुस्तक काढलं आणि त्यासोबत मुलग्यांसाठी चेंडू, मुलींसाठी टाचण्या खोचायची उशी विकायला ठेवली. उपदेश पुस्तकात होताच, पण मुलाला पुस्तक हवंसं वाटलं पाहिजे, हे एका धंदेवाईक माणसाने मान्य केलं होतं. बालसाहित्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला तो इथून पुढे.

मग शाळा सार्वत्रिक होऊ लागल्या आणि चाकं उलटी फिरली. १८६२ साली इंग्लंडमध्ये शाळांना निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत आली. वर्षातून एकदा सरकारी निरीक्षक यायचा, प्रत्येक मुलाला नेमलेल्या पुस्तकातला उतारा वाचायला लावायचा, आणि किती मुलं वाचन, लेखन, गणितात उत्तीर्ण झाली यावर शाळेचे पैसे ठरायचे. शिक्षकांनी काय केलं असेल याचा अंदाज कुणालाही येईल. वर्षभर तेच एक पुस्तक घोकून घेतलं जाऊ लागलं. मुलांना ते इतकं पाठ व्हायचं, की हातातलं पुस्तक उलटं धरलं असलं तरी मूल घडाघडा ‘वाचत’ असे, असे अनुभव निरीक्षकांच्या लिखाणात येतात. कवी मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होते. मुलाच्या मनाला काही मिळावं ही गोष्ट या पद्धतीत मागे पडते आणि उरतं ते यांत्रिक घोकणं, असं ते आपल्या अहवालांतून सतत सांगत राहिले. पद्धत पूर्णपणे मोडीत निघायला १८९० चं दशक उजाडलं. तोवर दोन पिढ्यांसाठी वाचन म्हणजे परीक्षकासमोर उभं राहून द्यायची कसोटी झाली होती. वाचनाची नावड शाळा स्वतः कशी रुजवू शकते, याचं हे सर्वात स्वच्छ उदाहरण आहे असं मला वाटतं. पाठांतर, उताऱ्याखालचे प्रश्न आणि मोठ्याने वाचायची धास्ती यांच्या रूपात त्याची सावली अजून वर्गांवर आहे.

हीच मुलं शाळेबाहेर मात्र अधाशासारखी वाचत होती. एका पेनीला मिळणाऱ्या, दरोडेखोरांच्या आणि भुताखेतांच्या साप्ताहिक कथा इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकापासून खपत होत्या. अमेरिकेत १८६० पासून दहा सेंटच्या कादंबऱ्यांची लाट आली. मोठ्यांनी आनंद मानायचा सोडून आरडाओरडा केला. १८८३ साली अँथनी कॉमस्टॉक या नीतिरक्षकाने तर अशा गोष्टी म्हणजे कोवळ्या मुलांसाठी लावलेले सापळे आहेत, असं पुस्तकच लिहिलं. पुढच्या शतकभर हाच प्रसंग पात्रं बदलून घडत राहिला: मुलं स्वतःहून काहीतरी वाचायला लागायची आणि मोठी माणसं ते हातातून काढून घ्यायची.

सार्वजनिक ग्रंथालयांतही मुलांना सहजासहजी शिरकाव नव्हता. अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत ठरावीक वयाखालच्या मुलांना प्रवेशच नसे. मुलांसाठी स्वतंत्र दालनं सुरू झाली ती १८९० च्या दशकात. बुटक्या खुर्च्या, हाताला येतील अशी कपाटं आणि गोष्टी सांगणारी ग्रंथपाल ही कल्पना रुजवण्यात अ‍ॅन कॅरल मूर यांचा मोठा वाटा. ब्रुकलिनमध्ये काम केल्यावर १९०६ पासून त्या न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या कामाबद्दल आदर वाटतोच, पण त्यांच्या पिढीच्या ग्रंथपालांना ‘उत्तम’ पुस्तकांचा फार सोस होता. एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या कंपनीतून धडाधड निघणाऱ्या, मुलांसाठीच्या पुस्तकमालिकांना कित्येक ग्रंथालयांनी दारातही उभं केलं नाही. बालवीर चळवळीच्या मुख्य ग्रंथपालाने १९१४ साली लेख लिहून, या मालिका मुलांच्या मेंदूचा चुराडा करतात असा इशारा दिला. मालिकेचं एक बलस्थान त्यांच्या लक्षात आलं नाही. नवं पुस्तक उघडताना अडखळत वाचणाऱ्या मुलाची निम्मी शक्ती पात्रं कोण, जागा कुठली, लेखकाचा सूर कसा हे समजण्यात जाते. मालिकेच्या दुसऱ्या भागात ही सगळी मंडळी ओळखीची असतात. मूल थेट गोष्टीत उतरतं, पानं भराभर उलटतात आणि त्या ओघातच वाचनाचा वेग तयार होतो.

काही मुलांची अडचण मात्र आवडीनिवडीची नव्हती. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १४ वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिकत छापली. ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार त्याने झटपट आणि अचूक केला. पण स्वतःचं ‘पर्सी’ हे नाव त्याने अक्षरांची अदलाबदल करून लिहिलं, आणि एकापेक्षा जास्त वेळा दाखवून दिल्याशिवाय ती चूक त्याला दिसली नाही. छापील शब्दांना आपल्या लेखी काही अर्थच नसतो, असं तो म्हणाला. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वात हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो त्याचं हे लहान मुलातलं सुरुवातीचं वर्णन. आळशी, हट्टी, मठ्ठ असा शिक्का बसलेल्या किती मुलांच्या मागे हे कारण असेल याची कल्पना यायला त्यानंतरही कित्येक दशकं गेली.

१९३१ साली मद्रासहून शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे हा त्यातला दुसरा, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे हा तिसरा. नाखूश वाचकाच्या संदर्भात या दोन ओळींइतकं नेमकं मला दुसरं काही आढळलं नाही. पुस्तक ‘चांगलं’ आहे की नाही हा प्रश्नच त्यात नाही. कुणाचं, हा आहे.

वाचायला शिकवणारी पुस्तकं तरी वाचनीय असावीत, हा मुद्दा ऐरणीवर आला १९५० च्या दशकात. अमेरिकी शाळांतल्या प्राथमिक पुस्तकांत तीच ती गोडगोड भावंडांची जोडी, तेच कुत्रं आणि ‘पळ, बघ, ये’ असे शब्द पुन्हा पुन्हा. १९५४ साली लेखक जॉन हर्सी यांनी एका मोठ्या साप्ताहिकात या पुस्तकांच्या नीरसपणावर बोट ठेवलं आणि कल्पक चित्रकारांकडून ती का करून घेत नाही, असं विचारलं. त्यांनी सुचवलेल्या नावांत थिओडोर गाइझेल, म्हणजे डॉ. स्यूस, होते. त्यानंतर एका प्रकाशकाने त्यांना आव्हानच दिलं: पहिलीतल्या मुलाला खाली ठेववणार नाही असं पुस्तक लिही, पण शब्द या यादीतलेच वापर. गाइझेल यांना ते वाटलं होतं त्याहून फारच अवघड गेलं. अखेर १९५७ मध्ये टोपीवाल्या मांजराची गोष्ट बाहेर आली. तिच्यात वेगवेगळे शब्द फक्त २३६. शब्द थोडे असले तरी गोष्टीत धिंगाणा, लय आणि ‘आता आई आली तर?’ ही धाकधूक ठासून भरता येते, हे त्या एका पुस्तकाने सिद्ध केलं. भाषा सोपी आणि मजकूर मात्र वयाला रुचणारा, हे सूत्र पुढे मोठ्या मुलांच्या पुस्तकांतही आलं. बारा वर्षांच्या, अडखळत वाचणाऱ्या मुलाला पाच वर्षांच्या बाळाची गोष्ट देणं हा त्याचा अपमान असतो, आणि तो त्याला बरोबर कळतो.

याच दशकात कॉमिक्सवर कुऱ्हाड कोसळली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असा आरोप केला, अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांनी आपल्या नोंदींत फेरफार केल्याचं कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिलं. २०२० साली तर न्यूबेरीच्याच नावाचं, अमेरिकेतलं बालसाहित्याचं मानाचं पदक पहिल्यांदाच एका चित्रकादंबरीला, म्हणजे कॉमिक्सच्याच धाटणीच्या पुस्तकाला, मिळालं. मधल्या काळात ‘ते काही खरं वाचन नाही’ हे वाक्य ऐकून किती मुलांनी वाचणं सोडलं असेल, या विचाराने वाईट वाटतं.

खरी कलाटणी १९६० च्या दशकात मिळाली. मिशिगन राज्यातल्या एका सुधारगृहात डॅनियल फेडर या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी अगदी साधा प्रयोग केला. शाळेने नापास ठरवलेली, पुस्तकाकडे ढुंकून न बघणारी मुलं तिथे होती. फेडर यांनी जाड बांधणीच्या शालेय पुस्तकांऐवजी कागदी बांधणीची रंगीत पुस्तकं, मासिकं आणि वर्तमानपत्रं ढिगाने आणली आणि फिरत्या जाळीदार मांडण्यांवर मुखपृष्ठ समोर येईल अशी लावली. पुस्तक खिशात मावत होतं, फाटलं तर कुणी रागावणार नव्हतं, आणि वाचन फक्त भाषेच्या तासापुरतं न राहता प्रत्येक विषयाच्या वर्गात शिरलं. मुलं वाचू लागली. १९६६ मध्ये फेडर यांनी हा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. कपाटात कणा दाखवत उभं असलेलं पुस्तक आधीच वाचणाऱ्याला पुरतं. न वाचणाऱ्याला चेहरा दिसावा लागतो.

त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये मार्गारेट मॅकनमारा मुलांना वाचन शिकवत असताना त्यांच्या लक्षात आलं, की या मुलांच्या घरी स्वतःचं म्हणावं असं एकही पुस्तक नाही. त्यांनी उभ्या केलेल्या उपक्रमात मुलाने पुस्तक स्वतः निवडायचं आणि ते कायमचं घरी न्यायचं, हा मूळ नियम होता. निवड मुलाची, हा त्यातला कळीचा भाग. पण निवडायला समोर काय असतं, हाही प्रश्न होताच. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ अमेरिकी बालपुस्तकं तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय व्यक्ती जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत सापडल्या. स्वतःसारखं कुणीच ज्या पुस्तकांत नाही ती मुलाला परकी वाटली, तर दोष कुणाचा? दोन वर्षांनी एस. ई. हिंटन या मुलीने शाळेत असताना लिहिलेली किशोरांच्या टोळ्यांवरची कादंबरी आली. आपल्या वयाच्या मुलांचं खरं जगणं पुस्तकांत दिसत नाही, म्हणून तिने ती लिहिली होती. वाचनापासून दूर राहिलेल्या किशोरांच्या हाती ती आजही ठेवली जाते.

बक्षिसांचा मार्गही मधल्या काळात बराच चालला: इतकी पुस्तकं वाच, इतके गुण मिळव. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्राचं आमिष दाखवलं होतं त्यांनी नंतर मोकळ्या वेळात चित्रं काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवला. प्रयोग चित्रांचा होता, वाचनाचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी गुण मोजून वाचायला लावणाऱ्यांनी तो जरूर विचारात घ्यावा.

शाळेत रोज काही वेळ सगळ्यांनी मुकाट्याने आपल्या आवडीचं वाचायचं, हीही १९६० च्या दशकातलीच कल्पना. ती जगभर पसरली. २००० साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने मात्र, अशा मूकवाचनाने वाचनकौशल्य वाढतं असं म्हणण्याइतका पुरावा हाती नाही, असा निष्कर्ष काढला. काही शाळांनी तो तास बंद केला. माझ्या मते दोष कल्पनेचा कमी आणि अंमलबजावणीचा जास्त. ज्याला आवडीचं पुस्तक सापडलेलंच नाही ते मूल त्या वेळात पान उलटण्याचं नाटक करतं. त्याच्याशेजारी बसून ‘तुला कुठला सिनेमा आवडला? कशाची भीती वाटते? कुठला खेळ खेळतोस?’ असं विचारून तीन-चार पुस्तकं समोर ठेवणारं माणूस हवं. त्यातली तीन त्याने बाजूला सारली तर वाईट वाटून न घेणारं हवं. फ्रान्सचे शिक्षक-लेखक डॅनियल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आणि काहीही वाचण्याचा हक्क आहे. मोठी माणसं हे सगळं सर्रास करतात. मुलांना मात्र सुरू केलेलं पुस्तक संपवायलाच लावतात.

वाचन अवघड जाणाऱ्या मुलांसाठी १९९८ मध्ये एडिनबरामध्ये बॅरिंग्टन स्टोक ही प्रकाशनसंस्था निघाली. पिवळसर कागद, डोळ्यांना सोपा पडणारा टाइप, छोटी प्रकरणं आणि लेखक मात्र नावाजलेले. पुस्तक बाहेरून इतर पुस्तकांसारखंच दिसतं, त्यामुळे वर्गात ते काढायला मुलाला संकोच वाटत नाही.

आणि तरीही ब्रिटनच्या नॅशनल लिटरसी ट्रस्टच्या २०२५ च्या पाहणीत ८ ते १८ वयाच्या मुलांपैकी फक्त तिघांतल्या एकाने फावल्या वेळात वाचायला आवडतं असं सांगितलं. २००५ पासूनचा हा नीचांक आहे. वाचावंसं कशाने वाटेल, यावर मुलांनी आवडत्या सिनेमा-मालिकेशी जोडलेलं पुस्तक, आपल्या छंदाचा विषय आणि स्वतः निवडायची मोकळीक अशी उत्तरं दिली. इंग्लंडमध्ये तुरुंगात ग्रंथालय असणं नियमाने बंधनकारक आहे, शाळेत नाही. प्रत्येक प्राथमिक शाळेत ग्रंथालय देऊ, असं आश्वासन तिथल्या सरकारने २०२५ मध्ये दिलं आहे. त्या खोल्यांत कपाटांसोबत मुलांना ओळखणारा ग्रंथपाल असेल का, हे अजून ठरायचं आहे.